दिवाळीनंतर उघडायचं घड्याळ

आपा, तुम्हाला ढगांत बसवलं नाही. तेवढं एक तरी ऐकलं मी तुमचं.

गणपती गेले आणि त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. दोन दिवसांनी तुमचा मुलगा विलास माझ्या स्टुडिओत आला आणि तुमच्याच नेहमीच्या स्टुलावर बसून म्हणाला, "शैला, बॅनर करूचो आसा. भरडाच्या नाक्यार लावूचो. बरो कर." श्रद्धांजलीच्या बॅनरचा साचा माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असतो. निळं आकाश, पांढरे ढग, वरून पडणारे किरण, खाली दोन समया. माणसाचा चेहरा कापायचा आणि ढगात ठेवायचा, झालं काम. मालवणातली गेलेली निम्मी माणसं माझ्याकडे त्याच ढगांत बसलेली आहेत. पण असाच एक बॅनर तुम्ही एकदा माझ्या स्क्रीनवर पाहिला होता. डोळ्याला भिंग लावून स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन तुम्ही तो न्याहाळलात आणि म्हणालात, "गो शैला, ह्या माणसाची सावली खंय? ढगार बसलो तरी सावली पडाक व्हयी. मी गेल्यार माका असो लटकवू नको."

म्हणून तुमचा जसा होता तसाच फोटो लावला. माझ्याकडे एकच होता. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात टेबलावर वाकून बसलेले तुम्ही, उजव्या डोळ्यात भिंग, डावा डोळा अर्धवट मिटलेला. विलास म्हणाला, निदान भिंग तरी काढ. मी म्हटलं, भिंग काढलं तर खाली डोळा कुठून आणू? दुसऱ्याचा लावू? तो नाराज झाला, पण गेला. बॅनर लागला तेव्हा बाजारातले लोक त्याच्यासमोर थांबून एकमेकांना विचारत होते, ह्या फोटोत काहीतरी केलेलं दिसतंय, काय केलंय? काहीच केलेलं नव्हतं. पण हल्ली काही न केलेला फोटोच लोकांना संशयास्पद वाटतो. तुम्ही असतात तर खूष झाला असतात.

आता तुम्ही नाही आहात, तर सरळ बोलते. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघं सरळ कधी बोललोच नाही. मी तुमच्यावर नजर ठेवून होते आणि तुम्ही माझ्यावर, आणि मधे तो कॉम्प्युटर.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तेव्हा स्टुडिओ टाकून मला वर्ष झालं असेल नसेल. मी कुडाळला फोटो एडिटिंग शिकून आले होते. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, पासपोर्टचे फोटो यावर माझं चाललं होतं. तुम्ही दारात उभे राहिलात. खांद्याला कापडी पिशवी, आत रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ. म्हणालात, दुकानाची जाहिरात करायची आहे. घड्याळामागे चांगलं काहीतरी घालून दाखवायचं. कंपन्या दाखवतात तसं. मी म्हटलं, घड्याळ ठेवून जा, उद्या करून देते. तुम्ही पिशवी छातीशी धरलीत.

"घड्याळ दुसऱ्याच्या दुकानात ठेवूचां नाय, हो माझो नेम. तू माका शिकव. मी बसान करतंय."

माझ्या डोक्यात सणक गेली. मनात म्हटलं, दुसऱ्यांनी मात्र तुमच्या दुकानात ठेवायचं, नाही का? पण बोलले नाही. कारण मला बघायचं होतं की तुम्ही नेमके कशासाठी आला आहात. मी मच्छीमार तांडेलाची मुलगी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. आमच्या घरात तुमचं नाव कसं घेतलं जातं, तेही ठाऊक असणार, कारण माझी आई मासळी बाजारात बसते आणि तिचा आवाज तुमच्या दुकानापर्यंत सहज पोचतो.

ती गोष्ट इथे लिहून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. बाबांकडे एक जपानी ऑटोमॅटिक घड्याळ होतं, गोव्यात एका खलाशाकडून घेतलेलं. समुद्रावर जाताना हातात, घरी आले की उशाच्या कोनाड्यात. अठ्ठ्याण्णव साली ते मागे पडायला लागलं म्हणून बाबांनी तुमच्याकडे सर्व्हिसिंगला दिलं. तुम्ही करून दिलंत. घड्याळ वेळ बरोबर दाखवायला लागलं, बाबा खूष. पण आई म्हणाली, आवाज बदलला. पूर्वी कोनाड्यातून टिकटिक ऐकू यायची, आता येत नाही. बाबा हसले. पुढच्या पावसाळ्याआधीच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. त्यानंतर आईने ते घड्याळ किती वेळा कानाला लावलं असेल, देव जाणे. आणि एक दिवस ती बाजारात म्हणाली, "घड्याळवाल्यान मशीन बदलल्यान. बरां मशीन काडून घेतल्यान आनि दुसरां घातल्यान."

एवढं वाक्य पुरलं. कोळणींच्या घरची घड्याळं तुमच्याकडे यायची बंद झाली. लोक घड्याळ दुरुस्तीला दिलं की समोर उभे राहायला लागले. तुमचं म्हणणं तुम्ही एकदाच कुणाकडून तरी कळवलं होतंत, की तेल घातल्यावर आवाज बारीक होतो. आईने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, चोर दुसरं काय सांगणार.

मी तेव्हा शाळेत होते. मी आईवर विश्वास ठेवला. नवरा गेलेल्या बाईच्या शब्दावर संशय कोण घेणार?

तर असे तुम्ही माझे विद्यार्थी झालात. दुपारी बाजार थंडावला की दुकानाला अर्धं शटर लावून यायचात. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणारा तुमचा हात माऊसवर आला की बावचळायचा. घड्याळाच्या कडेने ठिपके टाकत जायचं, कड पूर्ण झाली की घड्याळ मागच्या कापडापासून सुटं होतं. तुम्ही कडेच्या जरासे आतून कापायचात. मी म्हणायचे, आपा, घड्याळ बारीक होतंय. तुम्ही म्हणायचात, बारीक झालं तर चालेल, कापडाचा धागा येता कामा नये. 'अन्डू' दाखवलं त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने बघितलंत, जणू मी खिसा कापला.

"म्हणजे पुसलेलां परत येता?"

"येता."

"मगे तां पुसलेलां नव्हतांच. खंयतरी लपवून ठेवलेलां. तुझ्या ह्या मशीनवर माझो विश्वास नाय."

तरी रोज यायचात. घड्याळ रुमालातून काढायचात, माझ्या टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवायचात, मी फोटो काढायचे आणि तुम्ही घड्याळ लगेच परत रुमालात. मी चहा आणायला उठले तर तुम्ही पिशवी घेऊन उठायचात. मी पण काही कमी नव्हते. तुम्ही गेलात की त्या दिवशीचा फोटो मोठा करून बघायचे. तुम्ही आणलेल्या घड्याळांत कुठे बाबांच्या घड्याळातलं काही दिसतंय का, ते शोधायचे. काय शोधायचं ते मला कळत नव्हतं. पाठचं झाकण बंद असलेल्या घड्याळाच्या फोटोत मशीन कसं दिसणार? पण शोधायचे.

मानायला हवं की तुमची नजर बारीक होती. पहिलं घड्याळ आपण समुद्रावर ठेवलं तेव्हा मी खूष होते. तुम्ही भिंग लावलंत. "काचेत बघ. तुझी ट्यूबलाईट दिसता. लोक म्हणतले, समुद्रार ट्यूब कोणी लावल्यान?" तेव्हापासून काचेतला उजेड पुसायचा आणि मागच्या चित्रातलाच उजेड तिथे आणायचा, हे मी शिकले. शिकवणारी मी होते, हेही त्या दिवसापासून जरा संशयाचंच झालं. सावलीचा हट्टही तुमचाच. प्रत्येक घड्याळाला सावली पाहिजे. पण तुमच्या दुकानातला दिवा डाव्या हाताला, म्हणून तुमची सावली कायम उजवीकडे पडायची, मागचा सूर्य कुठेही असो. त्यावरून तुम्हाला किती छेडलं मी. तुम्ही म्हणायचात, सूर्य फिरतो, माझा दिवा फिरत नाही.

आणि ते दहा-दहा. त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही, आपा. कंपन्यांच्या जाहिरातींत काटे दहा वाजून दहा मिनिटांवर असतात. तसे ठेवले की कंपनीचं नाव झाकलं जात नाही, घड्याळ हसल्यासारखं दिसतं. मी तसेच ठेवायला लावले आणि मागे किल्ल्यामागचा सूर्यास्त. तुम्ही म्हणालात, "धा वाजता सूर्य खंय मावळता गो?" मी म्हटलं, जाहिरात आहे, पंचांग नव्हे. कुडाळहून फ्लेक्स छापून आला, तुमच्या दुकानावर चढला, आणि संध्याकाळपर्यंत बाजार खाली जमला. मुलाचं घड्याळ तुमच्याकडून दुरुस्त करून घेतलेली एक म्हातारी टोपली डोक्यावर ठेवूनच म्हणाली, "आपा, सूर्य बुडताना तुझ्या घड्याळात धा वाजतत तर माझ्या झिलाच्या घड्याळात काय वाजयलंस?" दुसऱ्या दिवशी माणसं दुरुस्त केलेली घड्याळं तपासायला घेऊन आली.

तुम्ही मला 'सांगितलं होतं ना' असं म्हणाला नाहीत. काटे साडेसहावर आणून नवा फ्लेक्स केलात. त्यावर एक रापणीवाला कोळी म्हणाला, ह्या तारखेला साडेसहाला सुकती, म्हणजे ओहोटी, असते, तुमच्या फोटोत तर धक्क्याचे दगड बुडालेत. घड्याळात तारीख दिसत होती ना. मी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र त्या माणसाला आत बोलावलंत, बसवलंत, आणि कुठल्या तारखेला कुठल्या वेळी पाणी कुठवर असतं ते विचारून घेतलंत. मग पुन्हा धक्क्यावर जाऊन फोटो काढायला लावलात. जगात कुठे घड्याळाच्या जाहिरातीला भरती-ओहोटी बघत नसतील. मालवणात बघावी लागते. कोळ्यांची घड्याळं पुन्हा हळूहळू तुमच्याकडे यायला लागली ती त्या तिसऱ्या फ्लेक्सपासून. एक आमचं सोडून.

मग मी विचार करायचे, हा माणूस एवढी मेहनत घेतो ती धंद्यासाठी, की आमच्या आईने काढलेलं नाव पुसण्यासाठी? आणि नाव पुसायचं असेल, तर ते खोटं म्हणून, की खरं म्हणून? सरळ प्रश्न मी तुम्हाला कधी विचारला नाही. 'आपा, तुम्ही मशीन बदललंत का?' एवढंच वाक्य. चार वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर तुम्ही बसत होतात. मी विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? 'नाही' म्हणाला असतात. चोरही 'नाही'च म्हणतो. म्हणून विचारलं नाही.

बाबांनंतर आई त्यांचं घड्याळ रोज हलवून चालू ठेवायची, ते यंदा आषाढात बंद पडलं. आईने ते दोन दिवस हातात धरून ठेवलं. मग माझ्यापुढे केलं. तिच्या तोंडून तुमचं नाव निघेना. "तेकाच दी," म्हणाली, "दुसरो तेच्यात आनि काय घोळ करीत. पन तुझ्यासमोर उघडूक व्हयां. आनि आतला माका दाखव. मी तेच्या दुकानाची पायरी चढूचंय नाय."

तुम्हाला सांगितलं. तुम्ही भिंग काढून रुमालाने पुसलंत. मग म्हणालात, तुझ्या स्टुडिओतच उघडतो, फोटो काढू, मोठा करू, तुझी आई भिंतीएवढा बघू दे. दिवस ठरला. आणि नेमकी त्या दिवशी मला देवगडजवळच्या जामसंड्याहून साखरपुड्याच्या फोटोंची ऑर्डर आली, आयत्या वेळची, नाही म्हणण्यासारखी नव्हती. मी तुम्हाला म्हटलं, उद्या करू. तुम्ही म्हणालात, कॅमेरा आहे, मला वापरता येतो, तू जा. मी गेले. घड्याळ तुमच्याकडे ठेवून, स्टुडिओची चावी तुमच्याकडे ठेवून. देवगडच्या रस्त्याला एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

संध्याकाळी परत आले. तुम्ही स्क्रीनसमोर बसला होतात आणि असे हसत होतात, जसे त्याआधी मी तुम्हाला कधी पाहिले नव्हते. स्क्रीनवर बाबांचं घड्याळ होतं. पाठ उघडलेली, मशीन लख्ख, त्यावरचं कंपनीचं नाव वाचता येत होतं. आणि मागे आमच्या घरापुढची वाळूची पुळण. निळं पाणी, एक होडी, धक्क्याचे दगड ज्या वेळी जेवढे दिसायला हवेत तेवढेच. चकचकीत मशीनवर ट्यूबचा उजेड नाही, कडेला धागा नाही. सावली उजवीकडे. तुमचं सगळ्यात चांगलं काम, आपा. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने असं केलं नाही.

मी माऊस हातात घेतला आणि फोल्डर उघडलं.

"मूळ फोटो खंय?"

"ह्योच."

"ह्यो न्हय. समुद्र घालूच्या आधीचो."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "लाईट गेली. यूपीएस बोंबलूक लागलो. तूच सांगितलंस, यूपीएस बोंबललो की पयलां सेव्ह. मी सेव्ह केलंय."

"दुसऱ्या नावान?"

त्याच नावाने. मूळ फोटोवरच समुद्र चढला होता. कॅमेऱ्यात बघितलं तर कार्ड रिकामं. फोटो तुम्ही कॉपी करण्याऐवजी कट करून घेतला होतात. लोडशेडिंगची वेळ होती का ते मी नंतर शेजारच्या पिठाच्या गिरणीत विचारून आले, हे तुम्हाला माहीत नाही. लाईट गेली होती. पण त्यानेही माझं समाधान झालं नाही.

"आपा, पुराव्याचो फोटो होतो तो. तेच्यात समुद्र कित्याक घातलात?"

तुमचा चेहरा उतरला. खरोखरच तुम्हाला कळलं नव्हतं, किंवा कळलं नाही असं तुम्ही दाखवलंत. "सादो फोटो कसो देवचो गो तुझ्या आवशीक?" तुम्ही म्हणालात. "सादे फोटो पोलीस काडतत."

मी म्हटलं, परत उघडा, आत्ता, माझ्यासमोर. तुम्ही घड्याळ उचलून कानाला लावलंत. चालू होतं. "बंद होतां म्हणान उघडलंय. आता चालता. चालतां घड्याळ ह्या खाऱ्या, ओल्या हवेत उघडूचां नाय. दिवाळी होवंदे. वारो सुको झालो की तुझ्यासमोर उघडतंय. आवशीक पन घेवन ये."

रुमालात गुंडाळून ते तुम्ही माझ्या हातात दिलंत. पावसात चालतं ऑटोमॅटिक उघडत नाही, हा तुमचा नेम सगळ्या बाजाराला ठाऊक होता. तरीही वाटेत मला वाटलं, किती सोयीचा नेम आहे.

घरी फोटो प्रिंट करून नेला. आईने तो दाराशी उजेडात धरला. मशीनकडे तिने बघितलंच नाही. होडीवरून बोट फिरवत राहिली. "समुद्र बरो आसा," म्हणाली. मी मशीनवरचं नाव वाचून दाखवलं. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "तू लग्नातल्या व्हकलांच्या तोंडावरचे पुळये काडतंस. काळ्या चेडवांक गोरी करतंस. तुझ्याकडे शिकलेलो माणूस तो. तेका मशीन बदलूक येवचां नाय?"

मीच तुम्हाला शिकवलं होतं. फोटो मात्र तिने मला परत दिला नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवला.

त्यानंतर आपण नीट बोललो नाही. तुम्ही यायचात, पण स्टुलाच्या कडेला बसायचात. मी 'कामात आहे' म्हणायचे. श्रावण गेला. गणपतीत तुमच्या घरी आरतीला आले तेव्हा तुम्ही दिवाळीचा विषय काढलात. मी म्हटलं, बघू. हे 'बघू' तुम्हाला दिलेलं माझं शेवटचं उत्तर. त्याचं मला वाईट वाटतं, आणि त्याच वेळी असंही वाटतं की एवढी घाई असती तर तुम्ही पावसातच परत उघडलं असतंत. बघा, अजून सुटत नाही. तुमचं तेरावं झालं तरी सुटत नाही.

दिवाळी झाली. वारा सुका झाला. घरावर वाळत घातलेले बांगडे एका दिवसात कडक व्हायला लागले, आणि मला रोज सकाळी वाटायचं, आज तुम्ही हाक मारणार. शेवटी मी घड्याळ घेतलं आणि सावंतवाडीला गेले. तळ्याच्या बाजूला एका गल्लीत एक घड्याळवाला आहे, तरुण, बोलायला चांगला. मी आईला सांगून आले होते. तुम्हालाही मनातल्या मनात सांगितलं, की रागावू नका, दुसऱ्याच्या दुकानात ठेवणार नाही, समोर उभी राहते.

त्याने झाकण फिरवलं. मी काउंटरवर वाकले. तुमच्या फोटोत होतं तेच मशीन, तेच नाव, त्याच ठिकाणी. फरक एवढाच की मागे समुद्र नव्हता. मी म्हटलं, "म्हणजे मूळचंच आहे. बदललेलं नाही."

तो हसला. "असां सांगूक येवचां नाय, ताई. बदलणारो तसलांच घालता. ह्या कंपनीची जुनी मशीनां बाजारात मिळतत. घड्याळ बघून कोणीच सांगूचो नाय. ज्येना उघडलेलां, तेकाच म्हायत." मग त्याने खिशातून मोबाईल काढला. "फोटो काडून देव? घरी दाखवूक?"

मी नको म्हटलं आणि झाकण लावायला सांगितलं.

तळ्याच्या कठड्यावर बसले, आपा. तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं. चाळीस वर्षं घड्याळं उघडणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल? साधा फोटो असता तरी काही सिद्ध झालं नसतं. माझ्यासमोर उघडलं असतंत तरी नसतं. मी मशीनचं नाव वाचून हुरळले असते, आणि कुणीतरी मला तेच सांगितलं असतं जे आज ह्या मुलाने सांगितलं. तरी तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, की पोरी, ह्याला पुरावा नसतो. फोटो काढायला तयार झालात. दिवाळीनंतर उघडायला तयार झालात. आणि पुरावा देता येत नाही म्हटल्यावर जे देता येत होतं ते दिलंत. बाबांच्या घड्याळामागे आमची पुळण ठेवलीत, बरोबर भरतीच्या वेळची. असं मला वाटतं. तुम्ही खरोखर गोंधळून ते सेव्ह केलं असेल, असंही वाटतं. आणखी एक वाटतं, ते इथे लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

तिथे बसून मी खूप रडले. चार वर्षं ज्याच्या शेजारी बसले त्याला एक सरळ प्रश्न विचारला नाही म्हणून. आज मी कुठलाही फोटो घेतला की आधी सावली बघते, काचेतला उजेड बघते, मागे पाणी असेल तर भरती बघते. हे मी कुडाळला शिकले नाही. पण हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही पिशवी सांभाळून बसला असतात.

घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने हात पुसून घड्याळ घेतलं.

"उघडल्यान?"

"उघडल्यान."

"मगे?"

एसटीत मी ठरवून आले होते. पुरावा मिळणार नव्हता, म्हणून कुणीतरी ठरवायलाच हवं होतं.

"तांच आसा, आई. बाबांचांच."

"फोटो काडलंस?"

"नाय."

"मगे कशावरून?"

"मी सांगतंय म्हणान."

तिने घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ. मग ते तसंच धरून माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी ओळखली, कारण चार वर्षं ती मी तुमच्यावर रोखली होती. तिने विश्वास ठेवला की नाही, मला अजून माहीत नाही.

मी नजर खाली घातली नाही, आपा. तुम्हीही कधी घातली नव्हती.